देवीच्या मंडपातलं मतदान

आमच्या ग्रामपंचायतीत मावशी निवडून आली तेव्हा मी पण निवडून आले होते. तिची निवडून यायची इच्छा होती, माझी नव्हती. आमच्या वार्डाची एक जागा बाईसाठी राखीव सुटली आणि मालकांनी मला न विचारता माझं नाव भरलं. हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला, त्यानंतरची ही गोष्ट. मी चौथी शिकलेली. सही करता येत होती, तेवढं त्यांना पुरे होतं.

मावशी गावातल्याच घरात मुलगा म्हणून जन्मली होती. मिसरूड फुटायच्या वयात घर सोडून गेली आणि कितीतरी वर्षांनी लुगडं नेसून, कपाळभर मळवट भरून, देवीची परडी घेऊन परत आली. घरच्यांनी घेतली नाही. देवीच्या देवळामागं एक खोली होती, तिथं राहिली. मंगळवारी आणि शुक्रवारी दारोदार जोगवा मागायची. बारशाला, हळदीला तिला बोलावणं असायचं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून देवळाचा मंडप झाडायची. माणसं समोर मावशी म्हणायची आणि पाठीमागं दुसरं काही म्हणायची, ते मी लिहीत नाही.

ती उभी राहिली ती सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या जागेवर. बाईच्या जागेवर उभी राहिली असती तर कोणीतरी हरकत घेतली असती, कारण मतदारयादीत ती पुरुषांत होती. देवाधर्माचं बोलणाऱ्या पक्षाची माणसं तालुक्याहून जीपगाडी घेऊन तिच्यासाठी आली होती. ती पण तेच बोलायची. बायांनी डोक्यावर पदर घ्यावा, पोरींनी घरच्यांच्या मर्जीबाहेर लग्न करू नये, जत्रेत तमाशा नको, देवळात विटाळ पाळावा. गावात दोन तट होते आणि लोक दोन्हींना कंटाळले होते. तिला लेकरंबाळं नाहीत, ही खाणार कोणासाठी, असं म्हणून लोकांनी तिला मतं दिली.

पहिल्या मिटिंगीला मालक माझ्या आधी जाऊन माझ्या खुर्चीवर बसले होते. मी दाराजवळ उभी होते. मावशी आली, तिनं मालकांकडं बघितलं.

"ही बाईची खुर्ची हाय. उठा."

"मी तिचा नवरा हाय. तिला काय कळतंय?"

"मग लुगडं नेसून या न् बसा."

सरपंच हसले. म्हणाले, "मावशी, असं म्हणलं तर मग तुमचं काय?"

"मी नेसूनच आले, सरपंच," मावशी म्हणाली.

सगळे हसले, मालक उठले. मी बसले. त्या दिवशी घरी गेल्यावर मला त्याचं भोगावं लागलं. मालक प्यायचे. देशी दारूचं सरकारमान्य दुकान गावाच्या तोंडाशी होतं, शाळेला लागून. येता-जाता त्याच्या पुढूनच जावं लागे. आमच्या घरातली सगळी भांडणं त्या दुकानातून निघायची आणि चुलीपाशी येऊन संपायची. माझ्यासारख्या घरोघर होत्या.

मिटिंग संपली की मी आणि मावशी एकाच वाटेनं परत यायचो. ती बोलायची, मी ऐकायची. एकदा मी धीर करून विचारलं, "मावशी, तुमी एवढं जुनं काहून धरून बसता? तुमाला तर जुन्या लोकांनीच घराबाहेर काढलं."

ती म्हणाली, "घरानं काढलं. देवीनं न्हाई काढलं. ह्या जुन्यात मला एक जागा हाय. बारशाला बोलावतात, हळदीला बोलावतात, परडीत जोगवा घालतात. तुमचं नवं येईल तव्हा त्यात माझी जागा कुठं हाय ते दाखव मला. मग मी सोडते."

मला दाखवता आली नाही. अजूनही येत नाही.

दारूचं दुकान बंद करायचं मावशीनंच मनावर घेतलं. तिच्या हिशोबात दारू म्हणजे अधर्म होता. आमच्या हिशोबात दारू म्हणजे मार होता. पण दुकान बंद व्हावं हे दोघींच्या मनात सारखंच होतं. तहसीलचा साहेब आला आणि त्यानं नियम सांगितला. गावातल्या बायांचं मतदान घ्यायचं. कागदावर दोन चित्रं असतील, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान राहावं वाटतं तिनं उभीवर शिक्का मारायचा, जावं वाटतं तिनं आडवीवर. पण नुसती जास्त मतं मिळून भागणार नाही. गावात जेवढ्या बाया मतदार आहेत त्यांतल्या निम्म्याहून जास्तींचा शिक्का आडव्या बाटलीवर पाहिजे. जी आली नाही ती उभ्या बाटलीच्याच बाजूची धरा, असं साहेब म्हणाला.

मावशी घरोघर फिरली. हातात चिंचेची काडी, तिनं धुळीत उभी बाटली काढायची, पायानं पुसायची, मग आडवी काढायची. "हिच्यावर मारा. पडलेली बाटली. तुमच्या दारात तुमचा नवरा पडतो ना, तशी." बाया हसायच्या. म्हाताऱ्यांना ते लगेच समजायचं.

मग जागेचा प्रश्न आला. मतदान नेहमी शाळेत व्हायचं, पण वैशाखातल्या वादळ-वावधनात शाळेचे पत्रे उडून गेले होते. पंचायतीनं दुसरी जागा सुचवावी असं साहेबानं कळवलं. मिटिंगीत मावशी उठून बोलली, "देवीच्या मंडपात घ्या. तिथं कोणी पिऊन येणार न्हाई, कोणी धमकावणार न्हाई. देवीसमोर कोणाचा हात उभ्या बाटलीवर जायचा न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सहसा मिटिंगीत बोलत नसे. त्या दिवशी बोलले. म्हणाले, "सगळ्या बाया वर येतील का?"

"काहून न्हाई येणार?" मावशी म्हणाली. "न्हाऊन-धुऊन येतील. देवीचंच काम हाय."

समोर सरपंच, ग्रामसेवक, बाकीचे सदस्य, सगळे पुरुष. त्यांच्यापुढं मी काय सांगणार होते? वाटेत सांगावं असं मनाशी ठरवलं. पण त्या दिवशी वाटेत मालक बरोबर होते. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली.

मतदानाच्या सकाळी मी उठले आणि माझेच दिवस आलेले होते. मी बाहेरची झाले होते. आमच्याकडं तसल्या दिवसांत बाई देवाच्या पायरीला पाय लावत नाही. मी न्हाले, दुसरं लुगडं नेसले आणि देवळाकडं गेले, पण लिंबाखाली थांबले. देऊळ उंचावर आहे, पायऱ्या चढून मंडपात जावं लागतं. लिंब पायऱ्यांच्या खाली आहे.

बौद्धवाड्यातल्या बाया सगळ्यांत आधी आल्या होत्या. पांढरी लुगडी नेसून, एकत्र. त्यांनी हात जोडले नाहीत, कोणाकडं बघितलं नाही, शिक्के मारले आणि खाली आल्या. मग मुसलमान गल्लीतल्या बाया आल्या. त्यांच्यातली बांगड्या भरणारी म्हातारी चप्पल काढता काढता मला म्हणाली, "चल ना, कायको खडी है?" मी खाली बघितलं. तिला समजलं. ती म्हणाली, "मेरा अच्छा है. तुमारी देवी मेरेकू पैचानतीच नई, तो गुस्सा क्या करेगी." आणि वर निघून गेली.

थांबल्या त्या आमच्याच बाया. एक-एक करून लिंबाखाली येऊन बसत होत्या. कोणी बाहेरची, कोणी ओली बाळंतीण, सव्वा महिना न झालेली. प्रत्येकीला वाटलं होतं की आपण एकटीच असू. आल्यावर बघतात तर एवढ्या. काहीजणी तेवढ्यावरूनच घरी परतल्या. कितीजणी घरातून निघाल्याच नसतील कोण जाणे.

मावशी वर मंडपाच्या तोंडाशी उभी होती. साहेबानं तिला सकाळीच विचारलं होतं, "तुमचं मत?" ती म्हणाली होती, "माझं नाव पुरुषांत हाय, साहेब. तुमी तुमचं काम करा." डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला होता. ऊन वर आलं तसं मंडपातली रांग सरली आणि आमच्याकडं तिचं लक्ष गेलं. ती खाली आली.

"इथं काहून बसून राहिल्या? वर चला, साहेब जेवायला उठंल."

कोणी हललं नाही. एकमेकींकडं बघून एकदोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

आमच्यात एक नवी सून होती, वर्षाच्या आतली. ती उभी राहिली. ती लाजणारी नव्हती. "मावशी, मागच्या नवरात्रात तुमी मला समद्या गावासमोर पायरीवरून खाली उतरवलं. मी बाहेरची हाय म्हणून तुमाला कोणीतरी सांगितलं व्हतं. आज तेच दिवस हायेत माझे. हिचे बी तेच, तिचे बी तेच. आता तुमीच सांगा, चढू का?"

मावशी एकेकीकडं बघत गेली. तोपर्यंत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं. नियम तिला पाठ होता, पण तो तिच्या अंगावर कधी आला नव्हता.

मागून एक म्हातारी बोलली, हळू नाही, मोठ्यानं. "तिला काय ठावं? तिला कुठं महिन्याचं बसावं लागतंय!"

बाया हसल्या. मी मावशीच्या तोंडाकडं बघितलं आणि बघितलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. देवळातून हाकललं असतं तरी तिचं तोंड एवढं पडलं नसतं.

ती माझ्याजवळ आली. "तू बी?"

"व्हय."

"मिटिंगीत तू हेच सांगत व्हतीस?"

"व्हय."

ती वळली आणि पायऱ्या चढून साहेबाकडं गेली. मंडप उघडा आहे, बोलणं खाली ऐकू येत होतं. टेबल खाली झाडाखाली घ्या, असं ती म्हणत होती. साहेब म्हणाला, "नोटिशीत मंडप लिहिलाय, बाई. जागा हलवली तर उद्या दुकानवाला कोर्टात जाईल आणि सगळंच रद्द होईल."

दुकानवाल्याचा भाऊ तिथंच खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "नियम म्हंजे नियम, मावशी. तुमीच सांगता की जगाला."

मावशी पुन्हा बाहेर आली. पायऱ्यांच्या मध्यावर थांबली, आमच्यात आणि देवीत. एकदा मागं वळून गाभाऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "चला. समद्या वर चला."

"आन् पाप?" तीच म्हातारी.

"माझ्या परडीत टाका. देवीला काय सांगायचं ते मी सांगते."

मी उठले. का उठले मला सांगता येणार नाही. न्हाण आल्यापासून त्या दिवसांत देवळाची सावलीसुद्धा मी ओलांडली नव्हती. मालकांचा आदल्या रात्रीचा हात अजून खांद्यात ठणकत होता, त्यानं उठवलं असेल. पायऱ्या चढले. मंडपातली फरशी गार होती. कागद घेतला, आडव्या बाटलीवर शिक्का मारला, घडी घातली, पेटीत टाकला. देवीकडं बघायची छाती झाली नाही. माझ्यामागून काहीजणी आल्या. बऱ्याच जणी आल्या नाहीत, उठून घरी गेल्या.

ती नवी सून पण आली नाही. मावशी तिला हात जोडून म्हणाली, "चल बाई."

"न्हाई येत," ती म्हणाली. "मागं उतरवलं, आता चढवता. मी काय औताचा बैल हाय?"

आणि ती गेली.

दिवस कलल्यावर साहेबानं मतं मोजली. उभ्या बाटलीवर थोडेच शिक्के होते. आडवीवर खूप होते. पण गावातल्या सगळ्या बायांच्या निम्मे भरले नाहीत. थोडे कमी पडले. साहेबानं कागद गुंडाळले आणि म्हणाला, आता पुन्हा मागणी करायची तर वर्षभर थांबावं लागेल. दुकानासमोर फटाके वाजले. त्या संध्याकाळी दुकानवाल्यानं फुकट पाजली असं म्हणतात. आमच्या घरी तरी तसंच दिसलं.

दुसऱ्या दिवशी फटफटताना मी हापशावर गेले. देवळाच्या मंडपात मावशी होती. कासोटा घालून, घागरी ओतून फरशी धुवत होती. खराट्यानं घासत होती, पुन्हा ओतत होती. पाणी पायऱ्यांवरून खाली येत होतं. सिद्धेश्वरच्या धरणावरून तिनं कोणाच्या तरी टेम्पोतून रात्रीच पाण्याच्या कॅन आणल्या होत्या, नदीचं पाणी पाहिजे म्हणून.

माझी घागर तशीच राहिली. मी पायऱ्यांखाली जाऊन उभी राहिले.

"आमची पावलं धुऊन राहिल्या का, मावशी?"

तिनं खराटा थांबवला नाही. "व्हय."

"मग काल बोलावलं कशाला?"

"काल बोलावलं ते बी बराबर. आज धुते ते बी बराबर." मग थांबली, कमरेवर हात ठेवून सरळ झाली. तिचं वय त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत भरलं. "दोन्ही माझ्याच्यानं सुटत न्हाई. तुला कळत नसंल तर नको कळू दे. मला बी लई दमायला झालंय."

मी घागर भरून घरी आले. मला तिचा राग आला होता आणि तो राग कुठं ठेवावा हे मला समजत नव्हतं. मला आत घेणारी तीच होती.

पुढच्या निवडणुकीत ती पडली. देवळात बसणारे पुरुष म्हणायचे, हिनं बाहेरच्या बाया वर घेऊन देऊळ बाटवलं. बाया म्हणायच्या, हिनं आपल्याला वर घेतलं आणि आपल्या मागं फरशी धुतली. तालुक्याची जीप तिच्यासाठी पुन्हा आली नाही. देवळाच्या पंचांनी मंडप झाडायचं काम दुसऱ्याला दिलं. तिनं तक्रार केली नाही. "त्यांचं बराबर हाय, मी मोडलंच ना," असं मला म्हणाली. ती त्यानंतर वर चढायची बंद झाली. सकाळी पायऱ्यांच्या खालची जागा झाडायची, तिथूनच हात जोडायची.

माझीही मुदत संपली होती, मी सुटले. दुकान चालूच राहिलं. मालकांचं पोट फुगायला लागलं. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात, मग नांदेडला नेलं. डॉक्टरांनी दारू बंद करा म्हणून सांगितलं, तेव्हा मालक बिछान्यावरून माझ्याकडं बघून हसले. त्यांना माझा शिक्का आठवला असावा. एका उन्हाळ्यात ते गेले.

तेराव्यानंतर मावशी आली. भिंतीला टेकून बसली. चहा घेतला. म्हणाली, "तहसीलला जाऊ. पुन्हा मागणी लावू."

"आता माझं काय राहिलं त्यात, मावशी?"

"तुझं झालं. बाकीच्यांचं राहिलं न्हवं?"

माझ्यात नाही म्हणायचीसुद्धा ताकद नव्हती, म्हणून मी गेले. पुन्हा घरोघर. या खेपेला तिनं काडीनं बाटली काढायच्या आधी प्रत्येक बाईला विचारलं, "मतदान कुठं ठेवायचं? तुमाला येता येईल अशी जागा सांगा." सुरुवातीला बाया लाजल्या. मग बोलायला लागल्या. शिवायचं, न शिवायचं, कोणाला किती दिवस बसावं लागतं, कोणाला पोटात किती दुखतं, सगळं. ती चुपचाप ऐकायची, मधून मान हलवायची. एवढी वर्षं आम्ही तिला मावशी म्हणत होतो, पण असलं बोलणं तिच्यासमोर कधी केलं नव्हतं. ती आली की आम्ही गप्प व्हायचो.

ग्रामसभेत जागा ठरायची वेळ आली. मावशीनं मला कोपरानं ढोसलं. मी उभी राहिले. पुरुष बसलेलेच होते. मी म्हणाले, "लिंबाखाली ठेवा. देवळाच्या खाली. वर बायांना येता येत न्हाई, महिन्याच्या दिवसांत." बोलून झाल्यावर कान तापले. कोणीतरी खोकलं. सरपंचांनी मान खाली घालून लिहायला सांगितलं.

मतदान लिंबाखाली झालं. बाया आल्या. मावशीला शिक्का मारता येत नव्हता, ती पलीकडं ओट्यावर बसून रांगेतल्या बायांची लेकरं सांभाळत होती. ती सून, आता दोन लेकरांची आई, आली. धाकटं तिनं मावशीकडं दिलं नाही, कडेवर घेऊनच शिक्का मारला. पण मारला आडवीवरच, असं तिनंच जाताना सांगितलं.

निम्म्याच्या वर मतं झाली. दुकानाला कुलूप लागलं. आता लोक वारंगा फाट्याकडं जातात प्यायला, मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून. पण शाळेपुढून जाताना पोरींना मान खाली घालावी लागत नाही. घरातली माणसं उशिरा येतात, काही रस्त्यातच पडतात. एवढंच झालं. एवढ्यासाठी एवढं केलं असं कधी वाटतं, आणि एवढं तरी झालं असंही वाटतं.

कुलूप लागलं त्या संध्याकाळी आम्ही दोघी देवळाच्या खालच्या पायरीवर बसलो होतो. वर आरती चालू होती. मावशी खालूनच टाळ्या वाजवत होती. आरती संपल्यावर तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "मंडप धुतला ते अजून मनात हाय का तुझ्या?"

"हाय," मी म्हणाले.

"राहू दे," ती म्हणाली, आणि खराटा उचलून पायरीवरचा लिंबाचा पाला गोळा करायला लागली. मी थोडा वेळ बसून राहिले. मग उठून पाला भरायला तिच्यापुढं सूप धरलं.